पदरचे सहाशे चाळीस

फिनिक्स,
१३ जानेवारी २०१९

ती. डेल्फिनाताईस,
सा. न. वि. वि.

तू नाताळला मक्याच्या पिठात मांसाचं सारण भरून उकडलेले तमाले पाठवलेस, तो डबा पोचला. तुझी भावजय लोरेन सध्या डुकराचं मांस खात नाही, म्हणून मी आणि प्रेस्टनने मिळून दोन दिवसांत फडशा पाडला. प्रेस्टन सहावीत आहे आणि त्याच्या शाळेच्या, अकादमीच्या, पोहण्याच्या संघात त्याची निवड झाली आहे. उतारवयात झालेलं पोर म्हणून तू हसायचीस, पण आता बघशील तर ओळखणार नाहीस.

एक काम होतं. आपल्या ॲरिझोनात एक फार चांगली सोय आहे. खाजगी शाळांतल्या मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी निधी असतात. अशा निधीला आपण जेवढे पैसे देऊ तेवढे राज्य आपल्या करातून सोडून देतं. टक्केवारी वगैरे नाही, डॉलरला डॉलर. फॉर्मवर एक ओळ असते, तिथे हव्या त्या मुलाचं नाव सुचवता येतं. स्वतःच्या मुलाचं मात्र चालत नाही. आत्याने भाच्याचं सुचवलं तर कुणाची हरकत नाही, म्हणून तू प्रेस्टनचं नाव लिहावंस अशी माझी इच्छा आहे. पंधरा एप्रिलपर्यंत मुदत आहे आणि तुझा एक सेंटही जाणार नाही.

आम्ही सहा घरांनी इथे छान व्यवस्था लावली आहे. मी माझ्या गोल्फच्या सोबत्याच्या, ग्लेनच्या, मुलीचं नाव लिहितो आणि ग्लेन प्रेस्टनचं लिहितो. बाकीच्यांच्याही अशाच जोड्या आहेत. शिक्षणासाठी आपला हातभार लागतो याचं समाधान वेगळंच असतं. मागच्या वर्षी अकादमीने दात्यांच्या भिंतीवर आमच्या नावाची पितळी पाटी लावली. फोटो सोबत आहे.

तुझ्या प्रकृतीची काळजी घे. माझ्यावरचं प्रेम कायम ठेव.

तुझा धाकटा,
अन्सेल्मो

ता. क. खालच्या दातांचं काय ठरवलंस? घरच्यांना माझ्या दवाखान्यात तीस टक्के सूट असते. नऊशेच्या आत बसवून देतो.

*

मेस्किटल,
२४ जानेवारी २०१९

चि. अन्सेल्मो यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं माझा चष्माच बिघडला. ज्याच्या घरामागे पोहण्याचा तलाव आहे तो मुलगा शिष्यवृत्तीवर शिकतो, आणि घरचा तलाव अपुरा पडतो म्हणून शाळेच्या तलावात पोहतो. गरिबी फार वाईट रे बाबा. लोरेनला म्हणावं, धीर सोडू नकोस.

फोनवर हे बोलले असते तर तू पेशंट आला म्हणून ठेवून दिला असतास. पत्र तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल, म्हणून लिहिते. राज्याला द्यायचे पैसे तू ग्लेनच्या मुलीला दिलेस, ग्लेनने राज्याचेच पैसे तुझ्या मुलाला दिले, आणि भिंतीवर पाटी लागली तुमची. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच. पाटीवर कुठे हलवायाचं नाव आहे का बघून कळव, मला फोटोत दिसलं नाही.

मी एकतीस वर्षं इथल्या सरकारी शाळेच्या स्वयंपाकघरात रोज अडीचशे पोरांचं जेवण केलं. गेल्या मे महिन्यात ती शाळा बंद झाली. राज्याकडे पैसे नाहीत, असं आम्हाला सभेत सांगितलं. ते कुठे गेले हे आज तुझ्या पत्रातून कळलं.

आता ऐक. माझ्या शेजारी सोकोरो राहते. हॉस्पिटलच्या चादरी धुण्याच्या कामावर आहे, नवरा नाही. तिची यसेनिया प्रेस्टनच्याच वयाची. शाळा बंद झाली तशी बाकीची पोरं पहाटे सव्वापाचच्या बसने जिल्ह्याच्या गावी जातात, घाटातून दीड तास. यसेनियाने आठ दिवस ते करून पाहिलं, आठही दिवस बसमध्ये ओकली. मग सोकोरोने तिला आपल्या चर्चच्या शाळेत घातलं. पाद्रीबाबांनी बरीचशी फी माफ केली, तरी सहाशे चाळीस डॉलर उरतात. पंधरा मार्चच्या आत भरले नाहीत तर पुढच्या वर्षाची जागा जाते. मग सोकोरो तिला टूसानला मावशीकडे ठेवणार. मायलेकी दोघीच आहेत, आणि सहाशे चाळीस डॉलरसाठी दोन गावांत राहणार.

तुझ्या त्या ओळीवर यसेनियाचं नाव लिही. तुझा तर एक सेंटही जाणार नाही, असं तूच म्हणतोस. मग अडचण कसली?

दातांचं म्हणशील, तर तुझे दुधाचे दात मी दाराच्या मुठीला दोरा बांधून काढले होते. तेव्हा पूर्ण सूट होती. तरी काळजी करू नकोस. कॉफीच्या डब्यात आठशे सत्तर जमले आहेत. तुझ्या दवाखान्यात फोन करून अठरा एप्रिलची तारीख घेतली आहे. सध्या दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं चाललंय.

आशीर्वाद आहेतच, उत्तराप्रमाणे कमीजास्त होतील.

डेल्फिना

*

फिनिक्स,
५ फेब्रुवारी २०१९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी जीभ दातांवाचूनही चांगली चालते, हे वाचून बरं वाटलं.

यसेनियाचं ऐकून वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण मी ग्लेनला शब्द दिला आहे. मी त्याच्या ब्रिनलीचं नाव गाळलं तर तो प्रेस्टनचं गाळेल, आणि मग सहाही घरांची घडी विस्कटेल. ही माणसं मला दर शनिवारी भेटतात, ताई. तू म्हणतेस तितकं हे सोपं नाही.

पण तुझा प्रश्न तुझ्याच हातात आहे. तू तुझ्या करातून यसेनियाचं नाव लिही. प्रेस्टनचा हट्ट मी सोडतो. आत्ता चेक दे, एप्रिलमध्ये कराचा हिशेब होईल तेव्हा सगळेच्या सगळे परत मिळतील. तुझे दातांचे पैसे जरा फिरून येतील, एवढंच. एक सेंटही जाणार नाही, डॉक्टरचा शब्द आहे.

लोरेन नमस्कार सांगते. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी लिहीत जा.

तुझा,
अन्सेल्मो

*

मेस्किटल,
३ मार्च २०१९

चि. अन्सेल्मो यास,
अ. उ. आ.

घे, ऐकलं तुझं. चौपन्न वर्षांत पहिल्यांदा. कॉफीच्या डब्यातून सहाशे चाळीस काढले, बँकेत भरले आणि निधीला चेक पाठवला. फॉर्मवर यसेनियाचं नाव लिहिलं, अक्षर चांगलं यावं म्हणून आधी वर्तमानपत्रावर गिरवून पाहिलं. शाळेचं पत्रही आलं की जागा पक्की झाली. एप्रिलमध्ये राज्याने पैसे परत केले की तुझ्या खुर्चीत येऊन बसते.

सोकोरोला मी सांगितलं की पैसे माझ्या फिनिक्सच्या डॉक्टर भावाने दिले. शेजारणीचे पैसे घ्यायला ती तयार झाली नसती. तिच्या गाडीतून मी बाजाराला जाते, तिला मग वाटलं असतं की त्याचं भाडं देते आहे. लांबच्या श्रीमंत माणसाचं घ्यायला कुणाला काही वाटत नाही. आभाराचं पत्र लिहू नकोस, त्याला संकोच होतो, असंही सांगितलं. तेव्हा न केलेल्या कामाचं पुण्य तुझ्या खात्यावर पडलं आहे. तुला त्याची सवय आहेच.

एक गंमत. तुम्ही शिकलेले लोक फॉर्म वाचत नाही वाटतं. मी वाचला, भिंग घेऊन. खाली बारीक अक्षरांत लिहिलं आहे की मी तुझ्या मुलाचं सुचवतो, तू माझ्या मुलाचं सुचव, असं ठरवून दिलेलं दान चालणार नाही, आणि त्याखाली तुमची सही असते. म्हणजे सहा घरांनी, नवराबायको धरून, बारा सह्या खोट्या केल्या. मला वाटलं सांगून ठेवावं. तू लहानपणी फळीवरचा खजूर खायचास आणि बिया खिशात ठेवायचास, म्हणून सापडायचास.

तुझ्या डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाच्या फीची आठवण झाली. चर्चच्या अंगणात आपण तीन रविवार तमाले विकले होते. खाणीतली माणसं पाळी संपवून यायची, एक घ्यायची आणि पाचाची नोट ठेवून जायची. तुझ्यावर सगळ्यांचा जीव होता. कुणी पावती मागितल्याचं मला आठवत नाही.

मुलाला जप, तलावालाही जप.

डेल्फिना

*

फिनिक्स,
५ एप्रिल २०१९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितो आहे. निधीने आमचे सहाही चेक परत पाठवले. सोबत थंड भाषेतलं पत्र आहे की अदलाबदलीचं दान स्वीकारता येत नाही.

कसं कळलं म्हणशील, तर चूक माझीच आहे. तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी मी सहाही फॉर्म एका पाकिटात घालून पाठवले होते. कार्यालयातल्या बाईंचा गोंधळ होऊ नये म्हणून वर एक तक्ता टाचला होता, कुणी कुणाच्या मुलाचं नाव लिहिलं आहे त्याचा. जोड्या बाणांनी दाखवल्या होत्या. तुला माहीत आहे, मला अव्यवस्थितपणा चालत नाही. ग्लेन माझ्याशी बोलत नाही.

पंधरा तारखेला दहा दिवस आहेत. यसेनियाला अजून काही लागणार आहे का? मी तिचं नाव आनंदाने लिहीन. कुणाचंच नाव न लिहिता देता येतं, पण मग ते पैसे कुणाच्या पोराला जातील काय माहीत. आणि कुणालाच दिले नाहीत तर ते राज्याकडे कर म्हणून जाणार. म्हणजे फुकटच गेल्यासारखे.

लवकर कळव. तुझ्या शब्दाची वाट पाहतो.

अन्सेल्मो

*

मेस्किटल,
१० एप्रिल २०१९

चि. अन्सेल्मो यास,
अ. उ. आ.

बाण काढले होतेस? सोकोरो धावत आली, म्हणाली काय झालं. एवढी हसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तू तर त्याचा नकाशा काढून पाठवलास. इतक्या नीटनेटक्या लबाडाला तुरुंगातही घेणार नाहीत.

यसेनियाला काही लागत नाही, तिचं भरलं. तुझे पैसे राज्याला दे. तू म्हणतोस ते फुकट जातील. त्यातून कदाचित एखाद्या शाळेचं स्वयंपाकघर चालेल. मोठी नासाडी आहे खरी, पण सोसून बघ.

माझं कराचं काम परवा ग्रंथालयात झालं. अठरा तारखेला मला यायला जमणार नाही, तुझ्या दवाखान्यात कळवलं आहे. इकडे कामं आहेत.

बाकी ठीक. खुशाल अस.

डेल्फिना

*

मेस्किटल,
२२ एप्रिल २०१९

आदरणीय डॉक्टरसाहेब,
स. न. वि. वि.

मी सोकोरो ब्राकामोंते, आपल्या ताईंची शेजारीण. ताईंनी मला आपल्याला पत्र लिहायला मना केलं होतं. त्यांची पत्रं मीच टपालात टाकते, तिथून पत्ता उतरवून घेतला. ईस्टर झाला, आणि ईस्टरच्या आसपास आभार मानायचे राहिले तर वर्षभर मनाला लागतं.

आपल्या सहाशे चाळीस डॉलरमुळे माझी यसेनिया माझ्याजवळ राहिली. मी पहाटे चारला कामावर निघते तेव्हा ती झोपलेली असते. दुपारी येते तेव्हा ती ओट्याशी गृहपाठ करत असते आणि मला म्हणते की आई, आधी बूट काढ. टूसानला पाठवायचं ठरलं होतं तेव्हा मी तिची बॅगसुद्धा भरली होती. ती परत रिकामी केली तो दिवस मी विसरणार नाही. आपण आम्हाला ओळखत नाही, तरी आपण हे केलंत. देव आपलं भलं करो. यसेनियाने आपल्यासाठी चित्र काढलं आहे, ते सोबत आहे. तिने आपल्याला पाहिलेलं नाही म्हणून डॉक्टर जरा उंच काढला आहे.

एक सांगते, ताईंना कळू देऊ नका. त्यांचं खाणं धड होत नाही. उजव्या बाजूने चावतात, टॉर्टिया रश्श्यात भिजवून गिळतात. दातांसाठी त्यांनी पैसे साठवले होते असं त्या म्हणायच्या, आता त्या डब्यात पुन्हा कॉफी भरली आहे. या महिन्यात मी त्यांना ग्रंथालयात नेलं होतं, तिथे एक भला मुलगा फुकटात कराचे कागद भरून देतो. बाहेर येऊन गाडीत बसल्या. मग एकदम हसायला लागल्या. म्हणाल्या, सोकोरो, या राज्यात फुकटात दान करायचं तर आधी श्रीमंत असावं लागतं. त्या मुलाने त्यांना सांगितलं होतं की तुमची पेन्शन इतकी लहान आहे की तुम्हाला राज्याचा करच लागत नाही, मग सोडून काय देणार? ही सूट पाच वर्षं राखून राहते, थांबा म्हणाला, तोवर कमाई वाढली तर बघू. ताई सत्तर वर्षांच्या आहेत. मला त्यातलं सगळं कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी दातांची तारीख रद्द केली. आपण डॉक्टर आहात, एकदा विचारून बघा.

आमच्यावर दया ठेवलीत तशीच राहो.

आपली नम्र,
सोकोरो ब्राकामोंते

*

फिनिक्स,
२७ एप्रिल २०१९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोकोरोचं पत्र आलं. तिच्यावर रागावू नकोस.

ते मी दवाखान्यात, दोन पेशंटच्या मध्ये उघडलं. पुढच्या पेशंटला परत पाठवावं लागलं. माझ्या आयुष्यात मला इतकं चांगलं पत्र कुणी लिहिलं नाही, आणि ते माझं नव्हतंच. मी तो उंच डॉक्टर बराच वेळ बघत बसलो. मला लाज वाटली, ताई. अजून वाटते आहे.

तुला कर लागत नाही हे मला माहीत असायला हवं होतं. शाळेच्या स्वयंपाकघराची पेन्शन किती असते हे मी कधी विचारलंच नाही. माझ्या ओळखीच्या प्रत्येकालाच कर लागतो, म्हणून मला वाटलं सगळ्यांना लागतो. डॉक्टरचा शब्द दिला होता मी. आणि तू मला सांगितलंही नाहीस. मला शंभर टोमणे मारलेस, पण जो खरा मारायचा तो गिळून बसलीस.

माझे पैसे मी पंधरा तारखेला राज्याला भरले, तू म्हणालीस तसे. लोरेन म्हणाली डोकं फिरलंय.

तुला सहाशे चाळीसचा चेक पाठवला तर तू फाडशील, म्हणून पाठवत नाही. पुढच्या शनिवारी गाडी घेऊन येतो आहे. महिनाभराचे कपडे भर. खालचे दात मी स्वतः बसवणार आहे. माझ्या रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं की बिल कुणाच्या नावे करायचं. मी म्हणालो, दोरा आणि दाराची मूठ यांच्या नावे जुनी बाकी आहे.

नाही म्हणू नकोस.

तुझा,
अन्सेल्मो

*

मेस्किटल,
२ जून २०१९

चि. अन्सेल्मो यास,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. सोकोरो बसथांब्यावर आली होती. तिच्या पत्राबद्दल मी तिला रागावले आणि मग तिच्याच घरी जेवले. तिने भाजलेलं मक्याचं कणीस दिलं, मुद्दाम. दोन खाल्ली. यसेनिया समोर बसून मोजत होती. तिला अजूनही वाटतं की पैसे तूच दिलेस, आणि ते तसंच राहू दे. सोकोरोला मात्र काय कळलंय ते मी विचारत नाही. परवा तिने गाडीच्या पेट्रोलचे पैसे घ्यायला साफ नकार दिला.

प्रेस्टन चांगला मुलगा आहे. तुम्ही त्याच्या नावाने काय उद्योग केलेत हे त्याला माहीत नाही, ते बरंच आहे. मला पोहायला शिकवीन म्हणाला. मी म्हटलं, आधी दात बुडू देणार नाहीस एवढं लिहून दे.

तुझं काम मात्र सुरेख आहे. मला वाटलं होतं तू नुसता गोल्फच खेळतोस. खालच्या हिरडीला हात लावायच्या आधी तू तीनदा हात धुतलेस, ते मी पाहिलं. बोलता येत नव्हतं म्हणून वाचलास.

आता एक विचारायचं राहिलं. निघायच्या आदल्या दिवशी लोरेन भांडी पुसता पुसता मला सांगत होती, की बहिणीला फुकट बसवलेले दात दान म्हणून दाखवता येतात का, असं तू तुझ्या हिशेबनिसाला फोन करून विचारलंस. खरं का रे? मी तिथेच खुर्चीत बसले आणि सगळे दात दाखवून हसले. तो नाही म्हणाला म्हणे. बहिणीला दिलेलं दान धरत नाहीत, त्याचं काही मिळत नाही, अर्धा सेंटही नाही.

म्हणजे हे दात तू खरोखरच दिलेस, अन्सेल्मो. मनापासून अभिनंदन. हे तुझं आयुष्यातलं पहिलं दान. पाटी लावायची असेल तर दुसरीकडे बघ, माझ्या तोंडात आता जागा नाही.

जीव होताच तुझ्यावर. आता थोडा वाढला आहे, उतू नकोस.

तुझी ताई,
डेल्फिना